झिणी गेली त्या वर्षी

९ फेब्रुवारी, रविवार

आजही नाही.

उजाडायच्या आधीपासून बांधाच्या टोकाला माझ्या नेहमीच्या दगडावर बसले होते. पाणकोंबड्या होत्या. एक बगळा पायाखालच्या चिखलाकडे संशयाने बघत उभा होता. पलीकडे भरावाचे ट्रक रांगेत झोपले होते. झिणी नव्हती.

झिणी दिसत नाहीच कधी. अंगठ्याएवढा जीव, वाळक्या गवताच्या रंगाचा, बोरू गवताच्या दाट बनात खालून खालून फिरणारा. ती असते ती आवाजाने. बारीक, उंच, ताणून धरलेल्या दोऱ्यासारखा आवाज. थांबतो, मग परत. माझ्या निम्म्या कविता त्या आवाजाला लटकलेल्या आहेत.

पूर्वी एकदा पालिकेने ही पाणथळ बुजवायला घेतली होती. तेव्हा पक्षी मोजणारे आले, त्यांना झिणी ऐकू आली, आणि अर्धी जागा राखून ठेवायचं ठरलं. एवढ्याशा जिवाने ट्रक अडवले होते. आता भराव राखलेल्या जागेच्या कडेला येऊन टेकलाय. पाच-सहा रविवार मी जातेय आणि नुसतं गवत ऐकून परत येतेय.

घरी आले तर आई चहाचं आधण ठेवून बसलेल्या. "एवढ्या गारठ्यात कुठे उलथली होतीस? मागच्या गॅलरीत बसायचं. इथे एक पाखरू पहाटेपासून डोक्यात शिट्ट्या घालतंय, तिकडे ही पाखरं शोधायला गावभर."

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली बोरूचा शेवटचा पट्टा, त्यावर धुकं. कुठे काय.

आईंचे कान वाजायला लागलेत. वयच झालं आता.

१४ फेब्रुवारी

आज कामावर मजा झाली. आमच्या कारखान्यात कवळ्या होतात. मी साच्यावर मेण चढवते, दात बसवते, आणि शेवटी ग्राइंडरवर घासून कडा मऊ करते. इतकी वर्षं झाली, तरी मालकांचं एकच पालुपद. "बाई, कानात कापूस घाला."

"कापूस घातला की काही ऐकू येत नाही, मालक."

"त्यासाठीच घालतात."

एक म्हातारबुवा आले होते. त्यांच्या नव्या कवळीला पुढच्या दोन दातांत फट हवी होती. मी सरळ, सुंदर दात बसवले होते, ते त्यांनी परत पाठवले. का, तर पूर्वी त्या फटीतून ते शीळ घालायचे, आणि त्यांचा कुत्रा दुसऱ्या कुठल्या आवाजाला येत नाही! मी फट पाडून दिली. त्यांनी तिथेच कवळी चढवली, ओठ ताणले आणि शीळ घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालक म्हणाले, "अहो, काच फुटेल!" मला तर नुसती हवा गेल्यासारखी वाटली. पण म्हाताऱ्याचा चेहरा असा काही उजळला होता की मीही वाजवल्या टाळ्या.

येताना वाटलं, आपल्याला बोलावता यावं म्हणून दातांत फट ठेवणारं माणूस आपल्याला कधी मिळालं नाही.

१७ फेब्रुवारी

दाराची बेल बिघडली. ती चिमणीसारखी चिवचिवणारी बेल माझ्या नवऱ्याने हौसेने आणली होती. तो गेला, बेल राहिली होती. आता तीही गेली. विशेष म्हणजे कुणी आलं की आई बरोबर उठून दार उघडतात. म्हटलं, कसं कळतं? तर म्हणाल्या, "पावलं वाजतात." बेल दुरुस्त करू म्हटलं तर म्हणे, "राहू दे, मी आहे की दाराला."

एक लिहून ठेवते, कारण कुणाला सांगता येत नाही. आई हल्ली मला जाच करतात. हाक मारायची सोडून जिथे असेन तिथे येतात, समोर उभ्या राहतात, आणि मग बोलतात. भांडी घासत असले तर खांद्याला हात लावतात. साधं मीठ संपलं हे सांगायलाही तोंडासमोर तोंड. मला दचकायला होतं. एकटेपणामुळे असेल. स्वतःचा मुलगा दुसरा संसार मांडून निघून गेला, आणि आई त्याच्याबरोबर न जाता सुनेकडे राहिल्या. त्या दिवशी म्हणाल्या होत्या, "मी कशाला जाऊ? माझा पलंग इथे आहे." त्यापलीकडे आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

नाही. आज तर मी पक्षी मोजणाऱ्यांनी दिलेली झिणीच्या आवाजाची जुनी फीत फोनवर लावून बघितली, म्हटलं ऐकून उत्तर देईल. फीतसुद्धा खराब झालीय. नुसता वारा ऐकू येतो. जणू तिथूनही ती उठून गेली.

परत येऊन चप्पल न काढता लिहिलं:

गवताच्या टोकाशी
एक बारीक सुई असायची
अंधाराला उजेड
टाके घालून जोडणारी.

आता पहाट होते
पण उसवलेली होते,
आणि दोरा
कुणाच्याच हातात नाही.

आईंना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं त्यांनी, मग डोळे पुसल्यासारखं करून चष्मा पुसला.

"फार मनाला लावून घेतलंस गं. चार वर्षं होतील आता."

"आई, हे झिणीवर आहे."

"झिणी कोण?"

"पक्षी."

"अस्सं." चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाल्या, "मला वाटलं त्याच्यावर आहे. तुला गेलेल्यांचं फार कौतुक, कवयित्रीबाई. जरा असलेल्यांकडे बघ. दूध उतू चाललंय."

२ मार्च, रविवार

कविता पुरवणीत छापून आली. अर्धं पान, शेजारी बोरूचं चित्र. संपादकांचा सकाळीच फोन. म्हणाले, आजवर तुमच्या कविता लोक वाचायचे, ही लोकांनी कापून ठेवलीय. ते स्वतः पुस्तकंही काढतात. झिणीच्या सगळ्या कवितांचं पुस्तक करू म्हणाले, शेवटी ही.

माझं पुस्तक.

लाज वाटते लिहायला, पण आज मी दुःखी नव्हते. झिणी गेल्यावर मला कुणीतरी ऐकलं.

७ मार्च

पालिकेचे एक अभियंते घरी आले. तरुण, नीटनेटके, बूट दाराबाहेर काढणारे. त्यांना कविता पाठ होती! पाणथळीचा नवा अहवाल लिहितायत, त्यात माझी कविता घ्यायची परवानगी हवी होती.

"अहवालात कविता?" मी म्हटलं.

"तुमच्याइतकं त्या पक्ष्याला कुणीच ओळखत नाही. मोजणारे लोक दोन दिवस येतात. तुम्ही वर्षानुवर्षं ऐकताय."

खरंच आहे ते. मी सही दिली. निदान त्यांच्या रुक्ष कागदांत एक उसवलेली पहाट तरी जाईल. कुणीतरी साहेब वाचेल, त्याला टोचेल.

आई चहा देताना त्यांच्याकडे बघत होत्या. ते गेल्यावर म्हणाल्या, "पोरगा वाईट नाही. पण खुशीत होता. मयताला आलेला माणूस एवढा खुशीत नसतो."

आईंना कुणाचं बरं बघवत नाही कधीकधी.

१२ मार्च

आता हद्द झाली. आज पहाटे आईंनी मला हलवून उठवलं. "ऐक, ऐक, आता दोन झाली! एक इकडनं वाजवतंय, दुसरं तिकडनं उत्तर देतंय." मी अर्धवट झोपेत गॅलरीत गेले. चिडीचूप. आई माझ्याकडे बघत राहिल्या.

कानाच्या डॉक्टरांकडे शनिवारची वेळ घेतली. वाटलं होतं, कटकट करतील. तर लगेच तयार. म्हणाल्या, "चल चल. मला नेच तू. पण माझ्याबरोबर आत यायचं, मला त्या यंत्राची भीती वाटते."

आई आणि यंत्राची भीती! मिक्सरचं झाकण न लावता बटण दाबणारी बाई ती.

१५ मार्च

सावकाश, क्रमाने लिहायचं ठरवलंय.

दवाखान्यात एक काचेची खोली आहे, आतून गाद्या लावलेली. त्यात बसायचं, कानांवर मोठे गोल चढवायचे, आणि बारीक आवाज आला की बोट वर करायचं. तपासणारी मुलगी आईंना समजावत होती. आई म्हणाल्या, "मला नाही कळत बाई. आधी हिला बसवून दाखवा."

मी हसत आत बसले. म्हातारीची समजूत घालायची म्हणून. सुरुवातीला घुमणारे, जाड आवाज आले. मी बोट वर, बोट वर. मग आवाज थांबले. मी म्हटलं, झालं दाखवून. पण ती मुलगी काही मला बाहेर बोलवेना. खाली मान घालून बटणं फिरवत राहिली.

दार नीट लागलं नव्हतं. काचेतून मला आई दिसत होत्या, बाहेरच्या खुर्चीवर. आणि त्या बोट वर करत होत्या.

मला वाटलं, नकला करतायत. मी हसले. आईंनी पुन्हा बोट वर केलं. थांबून, पुन्हा. माझ्या कानांवरच्या त्या गोलांमधून जे काही दाराच्या फटीतून बाहेर सांडत होतं, ते त्यांना तिथे ऐकू जात होतं. आणि ते ज्या कानांवर बसले होते, त्या कानांना नाही.

आई हसत नव्हत्या.

मुलीने कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे सपाट जाते, आणि मग कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली. बोलणं ऐकू येतं, माणसं ऐकू येतात, म्हणून कळत नाही, म्हणाली. वरची पट्टी जाते. हळूहळू जाते. काम काय करता? मी सांगितलं. ग्राइंडर म्हटल्यावर तिने नुसती मान हलवली. यंत्र लावून पुष्कळ परत येईल, पण अगदी वरचं, शिट्टीसारखं जे असतं, ते येईलच असं नाही.

मग तिने आईंना तपासलं. "आजी, तुमचे कान मला द्या," म्हणाली.

रस्त्यात मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"बेल कधी बिघडलीच नव्हती गं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर मानलं असतंस? तू उलट मलाच घेऊन आलीस डॉक्टरकडे."

खरंच होतं ते. पुढे आम्ही दोघी त्यावर इतक्या हसलो की एक बाई थांबून बघायला लागली. मग कोपऱ्यावर मला रडू आलं. आईंनी हात धरून रस्ता ओलांडून दिला, जणू डोळेही गेलेत.

१६ मार्च, रविवार

बांधावर गेले नाही. पहाटे गॅलरीत बसले. आई शाल घेऊन शेजारी.

फोनवरची ती खराब झालेली फीत काढली. लावली. मला वारा.

आई लगेच म्हणाल्या, "हेच. हेच ते शिट्टीवालं. तुझ्या फोनमध्ये कसं गेलं?"

मग फोन बंद केला. आईंनी बोरूच्या पट्ट्याकडे हनुवटी केली. "आणि आता तिथे."

तिथे. आमच्या घरामागे. तिकडून भराव सरकत आला, तशी तीही सरकत आली असणार, शेवटच्या पट्ट्यात, माझ्या खिडकीखाली. ती माझ्या दाराशी येऊन हाका मारत होती आणि मी तिला शोधायला गावाच्या टोकाला जाऊन बसत होते. आणि तिच्या मरणाची कविता लिहीत होते.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण आधी वेगळंच काहीतरी झालं. झिणी गेली होती तेव्हा आम्ही दोघी, ती आणि मी, एका बाजूला होतो. आता ती आहे, आणि मी तिच्याकडे पोचू शकत नाही. गेलेल्याची वाट बघता येते. जे समोर असून येत नाही त्याचं काय करायचं?

१८ मार्च

इमारतीच्या फाटकावर पालिकेची सूचना लागलीय. उरलेली पाणथळ बुजवून बसगाड्यांचं आगार करणार. सत्तावीस तारखेला सुनावणी.

'ज्या पक्ष्यासाठी ही जागा राखीव होती तो आता आढळत नाही,' असं लिहिलंय. पुरावा म्हणून पक्षी मोजणाऱ्यांचा एक जुना आकडा आहे, आणि त्याच्याखाली, चौकटीत, माझी कविता. माझ्या नावासकट. माझ्या परवानगीने.

उसवलेली पहाट त्यांना टोचली नाही. त्यांनी ती शिलाईला वापरली.

२० मार्च

संपादकांना भेटले. सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. माणूस वाईट नाही.

"पण कविता मागे कशाला घ्यायची? कवितेला पुरावा कुठे लागतो? पक्षी असो नसो, कविता खरीच आहे."

"पण त्यांनी ती पुरावा म्हणूनच घेतलीय."

"मग त्यांना अहवालातून काढायला सांगा. गुपचूप. भर सभेत मला ऐकू येत नाही म्हणून कशाला सांगता? उद्या लोक तुमची आधीची प्रत्येक ओळ तपासतील. पुस्तक छापखान्यात जायचंय, बाई."

मी म्हटलं, विचार करते. उगीच म्हटलं नाही. खरंच विचार करतेय.

अभियंत्यांना फोन केला. ते नम्रपणे म्हणाले, अहवाल प्रसिद्ध झालाय, आता हरकत असेल ती सुनावणीतच नोंदवावी लागेल.

२२ मार्च

न गेले तर? झिणी आहे हे सांगायला दुसरं कुणी जाईलही. मला माझ्या नावाचं एक पुस्तक हवंय. एवढंच हवं होतं कधीपासून. आणि मालकांना कळलं की मला ग्राइंडरवरून उठवतील, मेणावर बसवतील, दया करतील.

त्या कवितेसारखी दुसरी माझ्याकडून होणार नाही, हे मला माहीत आहे. आतून आली होती ती. आईंना वाटलं त्याच्यावर आहे. कदाचित आईंनाच बरोबर वाटलं असेल. त्याला घालवण्यासाठी मी एका जिवंत पक्ष्याला घालवलं.

२३ मार्च, रविवार

आई गॅलरीत बसून एकट्याच हसत होत्या. विचारलं काय झालं. म्हणाल्या, "काही नाही. आज तो उशिरा उठला आणि बायकोने झापलं बहुतेक."

मी आत येऊन सुनावणीला घालायची साडी काढून ठेवली.

२७ मार्च

सभागृह अर्धं रिकामं. पुढे पाच सदस्य, मध्ये अध्यक्षबाई, बाजूला अभियंते. हरकती कुणाच्या होत्या? एका गृहस्थांना आगारच हवं होतं, पण त्यांच्या खिडकीसमोर नको होतं. मग माझी पाळी.

मी म्हटलं, "अहवालातली कविता माझी आहे. ती चुकीची आहे. झिणी गेलेली नाही. माझा कान गेलाय." आणि दवाखान्याचा कागद पुढे ठेवला.

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्षबाईंनी कागद उलटसुलट पाहिला.

अभियंते उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी. "बाई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण बघा ना, तुम्हाला ऐकू येत होतं असं वाटत होतं तेव्हा तुम्ही म्हणालात पक्षी नाही. आता तुम्हाला ऐकू येत नाही, तर म्हणता पक्षी आहे. मग आहे हे ऐकलं कुणी?"

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"मी."

आता सगळेच हसले. आई उठल्या, पदर सारखा केला.

अध्यक्षबाई हसू दाबत म्हणाल्या, "आजी, वय काय तुमचं?"

"वय नका विचारू. काहीतरी कुजबुजा."

सदस्य एकमेकांकडे बघायला लागले. एक जण शेजारच्याच्या कानाशी वाकला आणि तोंडावर हात धरून काहीतरी पुटपुटला. मला तर ओठही दिसले नाहीत.

"हे म्हणतायत," आई शेवटच्या रांगेतून म्हणाल्या, "म्हातारीला कुणी आवरा, जेवायची वेळ झाली."

ते सदस्य लालबुंद झाले. अध्यक्षबाईंनी आधी हसून घेतलं, मग अहवाल मिटला. "रविवारी पहाटे आपण सगळे यांच्या गॅलरीत जाऊ. चालेल ना, आजी?"

"चालेल की. पण बूट काढून. लादी नुकतीच पुसलेली असते."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आई, तुम्ही येणार हे सांगितलं का नाही?"

"तू तुझं बोलतेस की नाही ते बघायचं होतं. तू बोलली नसतीस तर मी उठले नसते." मग जरा पुढे जाऊन, "उठले असते म्हणा."

३० मार्च, रविवार

आमच्या गॅलरीत सात माणसं मावतात हे आज कळलं. अध्यक्षबाई, तीन सदस्य, अभियंते, आई, मी. लादीवर बुटांऐवजी मोजे. कुणी बोलत नव्हतं. धुक्याखाली बोरू हलतही नव्हता.

मी पाणथळीकडे बघितलंच नाही. माझ्यासाठी तिथे काही नव्हतं. मी चेहऱ्यांकडे बघत होते.

बराच वेळ काही नाही. एका सदस्याने जांभई दिली. अभियंत्यांनी घड्याळ पाहिलं. आज नेमकी गप्प बसली तर?

मग आधी आईंची मान किंचित उचलली गेली. लगेच अध्यक्षबाईंच्या भुवया. मग त्या जांभई दिलेल्या सदस्याचं तोंड उघडंच राहिलं. अंगावरून वाऱ्याची झुळूक गेल्यासारखं काहीतरी त्या चेहऱ्यांवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं. सगळ्यांत शेवटी अभियंते. त्यांनी डोळे मिटले. काम अडणार हे कळूनही आवाज ऐकत राहिलेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

"आहे," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, समोर येऊन, मला ओठ दिसतील असं, पुन्हा एकदा, "आहे."

कुणी शिकवलं त्यांना असं बोलायला? गेल्या महिनाभरात आईंशिवाय कुणी माझ्याशी इतकं नीट बोललं नव्हतं.

३ एप्रिल

निकाल आला. आमच्या मागचा पट्टा तूर्त राहील, विणीचा हंगाम संपून पुन्हा मोजणी होईपर्यंत. बांधापलीकडचं मात्र बुजवायचंच. माझा दगड त्यात जाईल.

म्हणजे जिंकलो असंही नाही. थोडी मुदत मिळाली. झिणीला आणि आम्हाला.

संपादकांचा फोन. पुस्तक सध्या पुढे ढकलूया म्हणाले. वर्तमानपत्रात 'कवयित्रीची कबुली' असं छापून आलं, त्याचा त्यांना त्रास झालाय. मी म्हटलं, ती कविता काढून टाका. ते म्हणाले, तीच काढली तर राहिलं काय?

मलाही माहीत नाही काय राहिलं.

८ एप्रिल

कारखान्यात मालकांनी माझ्या टेबलावर कानावर लावायचे मोठे, जाड गोल आणून ठेवले. मी म्हटलं, "आता कशाला?"

"राहिलंय ते राहू दे," म्हणाले. मग ओरडून, "आणि मेणावर बसायचं नाही, कडा तुमच्यासारख्या कुणाला जमत नाहीत!"

यंत्र आठवडाभरासाठी लावून बघायला मिळालंय. इतके आवाज आहेत घरात! कागद कुरकुरतो. नळ थेंबाथेंबाने बोलतो. आई चालताना चपलेचा एक पट्टा वाजतो. दाराची बेल खरंच बिघडलेली नव्हती, मी तीनदा वाजवून बघितली आणि तीनदा आईंनी आतून "कोण आहे?" म्हटलं. चौथ्यांदा म्हणाल्या, "वेड लागलंय का?"

पण पहाटे गॅलरीत, नाही. यंत्र लावूनही नाही. एवढं वरचं नाही.

१३ एप्रिल, रविवार

पहाटे आईंनी नेहमीसारखं हलवून उठवलं. गॅलरीत दोघी एका शालीत. पलीकडे ट्रक सुरू झालेत; ते मला छान ऐकू येतात.

मी म्हटलं, "आई, ती वाजवेल तेव्हा मला सांगाल?"

"तोंडाने सांगितलं तर मला ऐकू येणार नाही." त्यांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि मनगटावर एक बोट ठेवलं. बोट खरखरीत आहे त्यांचं, भांड्यांनी.

थोड्या वेळाने बोट दाबलं गेलं. उचललं. पुन्हा दाबलं, या वेळी लांब. मग दोन लहान. मी इतकी वर्षं ऐकलेली लय होती ती, तंतोतंत, फक्त आवाजाशिवाय. कुठे थांबते हे मला आधीच कळत होतं. ती थांबली की बोट थांबत होतं, आणि त्या थांबण्यात मी सगळा बोरू, पाणी, धुकं, आणि न दिसणारा तो अंगठ्याएवढा जीव, पुन्हा जागच्या जागी बसवत होते.

उजाडत आलं. मग बोट थांबलं ते थांबलंच. मी वाट बघितली. पलीकडे एक ट्रक मागे येत होता, भराव ओतला गेला. बोट हलेना.

"आई, गेली का?"

आई दचकल्या. क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग ओशाळून माझं मनगट पुन्हा घट्ट धरलं.

"नाही गं, आहे. मीच ऐकत बसले."